सगळ्यांना कळवलं होतं

काल दुपारी खालच्या आळीतल्या अनसूयाकाकू माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे कोरडे, आवाज बसलेला.

"शेवंता गेली म्हणे. दहावासुद्धा झाला. मला कुणी सांगितलं कसं नाही हो, बाई?"

शेवंताबाई त्यांची लहानपणापासूनची मैत्रीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती गेल्याचं गावाच्या मोबाइल ग्रुपवर आलं होतं. काकूंना वाचता येत नाही, फोनही साधाच, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पूर्वी सार्वजनिक नळावर बायका हंडे घेऊन उभ्या राहायच्या आणि पाणी भरेपर्यंत अख्ख्या गावाची खबर एकमेकींच्या कानी पडायची. आता घरोघरी नळ आहेत. त्या रांगेत कंबरा मोडायच्या, पुन्हा तिथे उभ्या राहा असं तरी कुणाला म्हणावं? पण हंड्यांबरोबर बोलणंही गेलं, आणि अक्षर न येणाऱ्या बायका घरात बसल्या बसल्या गावाबाहेर पडल्या. मी जन्मभर अक्षरंच शिकवली. हे मनात आलं की फार थकायला होतं.

"वाचा तरी, काय लिहिलंय," काकू म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं. खाली जोडलेल्या हातांची रांगच होती.

"माझंपण लिहा."

"काय लिहू?"

"लिहा, अनसूयेला आज कळलं."

मी लिहिलं. ग्रुपवर कुणाचंच उत्तर आलं नाही. संध्याकाळी मात्र ते वाचून गावातल्या दोघीजणी काकूंच्या ओट्यावर येऊन बसल्या.