डाव्या हाताची सहा गाणी

फॉर्मवर दोन रकाने होते: लिहिण्याचा हात कोणता, आणि व्यवसाय काय. दोन्ही मीच भरले.

मी न्यू जर्सीत पिस्कॅटवेजवळच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये काम करते. पेशंटना खुर्च्या आणि वेळा नेमून देणं, त्यांची ऑपरेशनं ठरवणं, सर्जनकडे कागद पाठवणं, हे माझं काम. मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस आठवड्यातून तीनदा येतो आणि चार तास खुर्चीत बसतो. मशीन त्याचं रक्त बाहेर काढतं, धुतं, परत आत सोडतं. सुरुवातीला हे रक्त छातीत घातलेल्या नळीतून जातं. ही नळी धोक्याची, कारण तिच्यातून जंतू सरळ रक्तात शिरू शकतात. म्हणून मग हातातली एक धमनी आणि एक शीर जोडून घेतात. त्याला फिस्टुला म्हणतात. शीर जाड झाली की सुया तिथे टोचायच्या आणि छातीतली नळी काढून टाकायची. फिस्टुला शक्यतो आपण ज्या हाताने लिहीत नाही त्या हातावर करतात. कुणाकुणाच्या छातीत अजून नळी आहे याची यादी मी दर सोमवारी करते. त्या काळात ती यादी आखूड झाली की माझा आठवडा चांगला जायचा.

तो फॉर्म ज्यांचा, ते गृहस्थ त्या यादीत चार महिने होते. सत्तरी कधीच ओलांडलेली, उंच, काळे, मिसिसिपीत जन्मलेले आणि गेली पन्नास वर्षं न्यू जर्सीत राहिलेले. मधुमेहाने मूत्रपिंडं गेली होती. फिस्टुलाचं नाव काढलं की म्हणायचे, "पुढच्या महिन्यात बघू." एका बुधवारी मी खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले आणि फॉर्म काढला.

"लिहिता कोणत्या हाताने?"

"उजव्या."

"काम काय करता?"

"गिटार वाजवतो. सध्या रेकॉर्ड करतोय."

"वा! रिटायर झाल्यावर काहीतरी हौस हवीच."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हो ना मॅडम. साठ वर्षांची हौस आहे. जाईल हळूहळू."

मी हसले आणि लिहिलं, रिटायर्ड.

आमच्या मराठी मंडळात असे पुष्कळ काका आहेत. जन्मभर इंजिनियर किंवा डॉक्टर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता रविवारी हार्मोनियम घेऊन बसतात. सगळे जण टाळ्या वाजवतात, मग बटाटेवडे येतात. वाजवणारा म्हातारा म्हणजे माझ्या डोक्यात हेच. कुणी वाजवण्यावरच जगलेला असेल, आणि त्या वयात त्याचं खरं काम अजून व्हायचं असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. ऑपरेशन लवकर उरकावं म्हणून मी तीन वेळा फोन केला. तारीख मी मिळवली, गाडीची सोय मी केली. त्यांच्या डाव्या हातावर फिस्टुला झाला आणि माझ्या यादीतलं एक नाव कमी होण्याच्या वाटेला लागलं.

पाच आठवड्यांनी त्यांच्याबरोबर एक दुसरे म्हातारे आले. त्यांच्याबरोबर ड्रम वाजवणारे, चाळीस वर्षांपासूनचे जोडीदार. त्या दिवशी गाडी तेच चालवत होते. आल्या आल्या माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"त्याच्या हाताचं काय करून ठेवलंय तुम्ही?"

"काय झालं?"

"तो सांगणार नाही. गाढव आहे. मोजा घालून झोपतो हाताला. परवा स्टुडिओत तार दाबली तर बोट घसरलं. पुन्हा दाबली, पुन्हा घसरलं. चार तास बसलो आम्ही, एक गाणं झालं नाही."

मी जाऊन हात हातात घेतला. उजवा गरम होता. डावा फ्रिजमधून काढल्यासारखा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट निळसर पडलं होतं, नखाखाली दाबलं तरी कळत नव्हतं. फिस्टुला कधी कधी असं करतो. रक्त सोप्या वाटेने शिरेत निघून जातं आणि बोटं उपाशी राहतात. हे मला माहीत असलेलंच होतं. ऑपरेशननंतर विचारायच्या प्रश्नांतही ते होतं. मी विचारलं होतं, "हात बरा आहे ना?" ते "बरा आहे" म्हणाले होते, आणि मी खूण करून पुढच्या खुर्चीकडे गेले होते.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"मला वाटलं, असंच असतं. तुम्ही म्हणालात ना, वेळ लागतो."

मग ते बोलले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी नीट ऐकलं. बावीस वर्षांत त्यांची रेकॉर्ड निघालेली नव्हती. आता एका लहानशा कंपनीने विचारलं होतं. दहा गाणी ठरली होती. चार झाली होती, ऑपरेशनच्या आधी. उरलेली सहा त्यांच्या आत्याची होती. ती घराच्या ओसरीवर बसून वाजवायची. तिचं कधी कुणी रेकॉर्ड केलं नाही, ती गाणी कुणी लिहून ठेवली नाहीत. दुसरं कुणी ती वाजवत नव्हतं, कारण वाजवणारे सगळे गेले होते. ते स्वतः ती कधी बाहेर वाजवत नसत. घरची म्हणून ठेवली होती, शेवटच्या रेकॉर्डसाठी.

"उजव्या हातावर केलं असतं तर?" मी विचारलं. मला ते ऐकायचं नव्हतं, तरी विचारलं.

"उजव्याला मला एक अंगठा आणि एक बोट पुरतं. सगळं गाणं डाव्यात असतं, मॅडम."

मी सर्जनना फोन केला. त्यांनी जुने कागद काढले. म्हणाले, "उजव्या हाताच्या शिराही चांगल्या होत्या. पण फॉर्मवर लिहिण्याचा हात उजवा आणि रिटायर्ड असं आहे. गिटारचं कुणी बोललं नाही."

"ते बोलले होते," मी म्हटलं. "माझ्याशी."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो आयटीत आहे, चूक कुठे झाली ते शोधायची त्याला सवय आहे. तो म्हणाला, "अगं, फॉर्ममध्ये रकानाच चुकीचा आहे. तुझी काय चूक? सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे यार." मी म्हटलं, "रकाना बरोबर होता. मी उत्तर बदललं." तो कुकर लावायला उठला.

आधी सर्जननी जोड थोडी आवळून पाहिली. बोटांचा रंग सुधारला, पण दुखणं राहिलं, आणि ती दोन बोटं काही हलेनात. उजव्या हातावर नवा फिस्टुला करून तोही हात असाच गार पडण्याचा धोका सर्जन घेईनात. मग एकच मार्ग उरला: फिस्टुला बंद करायचा आणि छातीतल्या नळीवर राहायचं. असं कुणी करू पाहत असेल तर त्याला समजावून थांबवायचं, हे माझ्या कामात येतं. त्यासाठी माझ्याकडे एक छापील पान आहे. ते मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी केली.

"नळीला जंतू लागले तर?"

"तर जीव जाऊ शकतो."

"आणि बंद केलं तर बोटांत जोर परत येईल?"

"काही येईल. सगळं येणार नाही बहुतेक. आपण उशीर केला."

"आपण?" ते म्हणाले, आणि हसले. रागावून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. "बरं. मला सहा गाणी करायची आहेत. तुम्ही याद्या चांगल्या करता असं ऐकलंय. करा एक."

मी केली. बंद करायच्या ऑपरेशनची तारीख लवकरात लवकर मिळवली. त्यांना सोमवार, बुधवार, शुक्रवारची पहाटेची खुर्ची दिली, म्हणजे डायलिसिसनंतरचा गळाठा त्याच दिवशी उतरेल आणि मंगळवार, गुरुवार रिकामे राहतील. नळीची पट्टी स्टुडिओत भिजू नये, घामाने सुटू नये म्हणून काय करायचं ते मोठ्या अक्षरात लिहून ड्रमवाल्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "हे काय, मी आता याची नर्स?" खुर्चीतून उत्तर आलं, "म्हाताऱ्या, ताल तर तुला कधी जमला नाही. पट्टी तरी लाव."

एका गुरुवारी दुपारी मी रजा घेऊन स्टुडिओत गेले. न्यूअर्कच्या बाजूला एका जुन्या चर्चचं तळघर. मला पाहून ते ओरडले, "आल्या, क्लिपबोर्डवाल्या मॅडम आल्या! आता सगळं वेळेवर होणार." मी काचेच्या अलीकडे बसले.

ब्लूज मला कळत नाही. पण हात मी बघू शकत होते, ते माझं काम आहे. तर्जनी आणि मधलं बोट चालत होतं. उरलेली दोन तारांच्या वर नुसती दुमडून राहायची. ते एक ओळ गायचे, मग गिटार तिला उत्तर द्यायची, आणि उत्तराच्या मध्येच एक जागा यायची जिथे डावा हात गिटारच्या गळ्याच्या वरच्या बाजूला सरकायचा, थांबायचा, आणि खाली यायचा. काही वाजायचं नाही. ड्रमवाले त्या रिकाम्या जागेत हलकेच झांज मारून पुढे जायचे. तिसऱ्या वेळेला गिटार थांबली.

"इथे ती तीन सूर वर जायची," ते म्हणाले. "आत्या."

"मग वाजव," ड्रमवाले म्हणाले.

"वाजवतोय. तुला ऐकू येत नाही, बहिरा झालास."

त्यांनी डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने एकेक सरळ केली, तारांवर ठेवली, दाबली. सोडल्यावर ती दोन बोटं पुन्हा दुमडली. मग ते म्हणाले, "राहू दे. असंच घ्या." सहाही गाणी तशीच घेतली, पाच आठवड्यांत.

रेकॉर्ड पुढच्या वसंतात निघाली. एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं, ते त्यांनी खुर्चीत बसून मला मोठ्याने वाचून दाखवलं. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं की पहिली चार गाणी उत्तम आहेत, पण खरी थोरवी उरलेल्या सहांत आहे. काय वाजवू नये हे फक्त वयच शिकवतं, आणि या सहा गाण्यांतल्या मोकळ्या जागा एका आयुष्याची शहाणीव आहेत.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "मी शहाणा झालो."

"त्यांना सांगा ना खरं काय ते."

"काय सांगू? माझ्या हाताला रक्त नव्हतं म्हणून? चांगलं लिहिलंय, राहू दे." मग कागद माझ्याकडे देत म्हणाले, "तुमच्याकडे ठेवा. मला नको आहे घरात."

जूनमध्ये एका शुक्रवारी ते थंडी वाजत आले. ताप होता. नळीतून जंतू रक्तात गेले होते, मग हृदयाच्या झडपेवर. हॉस्पिटलात अकरा दिवस काढले. त्यांची पहाटेची खुर्ची मी बाराव्या दिवशी यादीतल्या पुढच्या माणसाला दिली, कारण ती द्यावीच लागते.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. तळलेली कोंबडी, मक्याची पोळी, कॉफी. रेकॉर्ड लावलेली होती. ड्रमवाल्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं. तिथे चाळिशीचा एक गिटारवाला आला, टेक्सासहून मुद्दाम आलेला. त्याने ड्रमवाल्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

"मी ती सहा गाणी शिकतोय," तो म्हणाला. "जशीच्या तशी. सगळ्यात अवघड त्या मोकळ्या जागा आहेत. माझी बोटं आपोआप वाजवायला जातात. म्हणून मी हे करतो." त्याने डावा हात वर धरून दाखवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चिकटपट्टीने तळव्याला बांधल्यासारखं दुमडून.

ड्रमवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते सांगणार नव्हते, ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

मी सांगितलं. फिस्टुला, डावा हात, दोन बोटं, आणि रकान्यात मी काय लिहिलं तेही. त्या जागा त्यांना मोकळ्या ठेवायच्या नव्हत्या असं सांगितलं. त्याने हात हळूच खाली घेतला. मग ड्रमवाल्यांकडे वळून विचारलं, "तिथे काय होतं मग? तुम्हाला ठाऊक असेल."

रेकॉर्डवर मी स्टुडिओत ऐकलेलं तेच गाणं चालू होतं. ती जागा जवळ आली तसे ड्रमवाले पुढे वाकले आणि तीन सूर गुणगुणले.

"हे?" गिटारवाल्याने विचारलं.

"नाही. थांब."

पुन्हा गुणगुणले, या वेळी वेगळे. मान हलवली. तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि दुसऱ्या सुरावरच थांबले.

"मी मागे बसायचो," ते म्हणाले. "मला त्याची पाठ दिसायची. आणि ही गाणी त्याने आधी कधी आम्हाला ऐकवली नव्हती."

रेकॉर्ड पुढे गेली होती. गिटारवाल्याने वही काढली होती, ती तशीच उघडी राहिली. ड्रमवाले उठले आणि कॉफी आणायला गेले.