मामंजींसाठी आणलेलं पिल्लू

सासूबाई गेल्या आणि आमचं सोलापूरचं घर एकदम गप्प झालं. नवरा बदलीच्या गावी, शनिवारी यायचा. मी कचेरीत. दिवसभर घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे, एकटेच. कचेरी सुटली तरी माझे पाय घराकडे वळत नसत. नवी पेठेत उगीच कापडं बघत हिंडायची आणि दिवेलागणीनंतर घरी जायची. मामंजी जेवायचे थांबलेले असत. "आलीस?" एवढंच विचारत. तो एक शब्द मला टोचत राहायचा.

पुढं कचेरीतल्या एका बाईंनी सांगितलं, जेऊरला त्यांच्या बहिणीची कुत्री व्यायलीय, पिल्लं विकायची आहेत. मला सुटल्यासारखं वाटलं. पिल्लू आणलं की मामंजींना सोबत होईल. रविवारी पॅसेंजरनं जेऊर गाठलं.

बहिणीनं पिल्लं दाखवली, पण उचलू दिली नाहीत. "आजून आईला पितायत. म्हैन्यानं या. दिवसभर घरात कोण आसतं?"

"सासरे असतात."

"त्यास्नी पायजे व्हय कुत्रं?"

"हो," म्हणाले मी. खरं तर त्यांना विचारलंच नव्हतं.

घरी येऊन सांगितलं, तेव्हा मामंजींनी हातातलं वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं. मग म्हणाले, "त्याचं करायचं कुणी?"

"आपण दोघं," मी खाली बघत म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरी आले, तर अंगणातल्या हौदावर फळ्या टाकलेल्या. फाटकाखालची फट विटा लावून बुजवलेली. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट, त्यावर मामंजींचं जुनं मऊ धोतर. ते आपले आपण जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आले होते. "इंजेक्शन द्यावं लागतं म्हणे. आणि गोड काही घालायचं नाही, नुसती भाकरी कुस्करून," त्यांनी मला समजावून सांगितलं. कितीतरी दिवसांनी ते इतकं बोलत होते. मी पिल्लू ठरवलं होतं ते माझी सुटका व्हावी म्हणून, आणि हे घरात मूल यायचं असल्यासारखी तयारी करत होते. मला मान वर करवेना.

महिना झाल्यावर पिल्लू आणायला आम्ही दोघं जेऊरला गेलो. मामंजी खाली मांडी घालून बसले. पिल्लांच्या आईनं येऊन त्यांचा हात हुंगला.

"ही शोधेल का हो त्याला?" त्यांनी विचारलं.

"दोन-चार दिस हुडकती की. मग ऱ्हाती गप," बहीण म्हणाली.

मामंजींनी कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्ही नीट सांभाळू गं," तिलाच म्हणाले.

गाडीत पिल्लू त्यांच्या उपरण्यात शिरून कुंईकुंई करत होतं. "आईपासून तोडलं आपण याला," ते हळूच म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर मी कचेरीतून थेट घरी येऊ लागले. पिल्लू फाटकाशी धावत यायचं, माझ्या चपला पळवायचं. मामंजी आणि मी अंगणात चहा घ्यायचो. आधी बोलणं पिल्लाचंच, मग हळूहळू सासूबाईंचं.

एकदा शेजारच्या काकांनी विचारलं, "काय, आता करमतंय का?"

"करमतं की," मामंजी हसून म्हणाले. "कुत्र्यानं आमच्या सुनेला घरी आणलं."

आत पीठ मळता मळता माझा हात थांबला. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. काका गेल्यावर मी बाहेर आले.

"मामंजी, माझा राग नाही आला कधी?"

ते पिल्लाचा कान खाजवत होते. "राग कशाचा? घर तुलाही खायला उठत असणार. मी तरी कुठं धड बोलत होतो?"

त्यांच्या या बोलण्यानं मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. ते रागावले असते तर बरं, असंच वाटत राहिलं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. पीठ तसंच परातीत वाळत पडलं होतं.