काथ्याची दोरी आणि तुर्की शहजादी

इथं आखातात, उम्म अल हस्सम वस्तीतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या खालांनी, म्हणजे शेजारच्या मावशींनी, मला सावरलं, हे आधी सांगते, बाकीचं मागाहून. आज पत्र्याची पेटी उघडली, डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला, आणि सहा वर्षांपूर्वीची मी, सातवीतच शाळा सुटलेली रत्नागिरीकडची नवी नवरी, समोर येऊन बसले.

तेव्हा या पेटीची काथ्याची दोरी मी महिनाभर सोडलीच नव्हती. बाहेर ठेवलेले कपड्यांचे दोन जोड धुवून धुवून घालायची. पेटी बांधलेली आहे तोवर परतीची वाट मोकळी, अशी माझी वेडी समजूत. "मला आईकडे धाडा," एवढंच मी ह्यांना म्हणायची. हे मीना सलमान बंदरातल्या गोदामात कामाला. शेवटी बिचारे तिकिटाची चौकशी करून आले.

खाला औरंगाबादच्या. त्यांची आई हैदराबादला एका देवडीत, म्हणजे नवाबाच्या वाड्यात, शिवणकाम करायची, तिनं सांगितलेलं सगळं खालांच्या ओठावर. त्या दिवशी वाटीभर खट्टी दाळ घेऊन आल्या, दोरीकडे बघून हसल्या.

"पेटीत साप हाय का गं?"

मी रडायलाच लागले. त्या शेजारी बसल्या आणि तुर्कस्तानच्या सुलतान घराण्यातल्या शहजादीची गोष्ट सांगू लागल्या. तख्त गेलं, मुलूख सुटला, परक्या देशात वाढली. लग्न हैदराबादच्या शहजाद्याशी. बोटीनं आली. ना इथली बोली ठाऊक, ना माणसं.

"मग?"

"मग काय! साडी नेसायला शिकली. तिला तर परत जायला घरच नव्हतं, बेटा. तुझी आई हाय, ती कुठं पळून जाते? यल्ला, चल, सोड दोरी."

गाठ इतकी आवळलेली, की दोघींनी मिळून दातांनी सोडवली. ह्यांनी तिकिटाचं पुन्हा विचारलं नाही, मीही नाही.

खाला कायमच्या गावी निघाल्या तेव्हा मी विचारलं, "शहजादी सुखी झाली ना हो?" त्या म्हणाल्या, "नाही गं. अम्मा म्हणायची, संसार मोडला तिचा. पण तेव्हा तुला कसं सांगू?"

त्या परक्या बाईसाठी जीव तुटला. आणि कळलं, माझ्या अंगात बळ येईतो खालांनी ते दुःख एकटीनं पदराखाली धरलं होतं.

आता त्या अंथरुणाला खिळल्यात, दिसतही नाही म्हणे. इंशाल्ला, सुट्टीत औरंगाबादला जाईन. उशाशी बसून त्यांची शहजादी त्यांनाच सांगेन. आणि साडी नेसली, तिथंच थांबेन.