उडीचा खेळ

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. गेल्या महिन्यात कळंबहून कुसुमताईंच्या भाच्याचा फोन आला, ताई गेल्या... आणि आता टाळायचं तरी कुणासाठी?

साठ सालाच्या आसपास मी बेंबळीच्या शाळेत मास्तर होतो. ताई देवळामागच्या मोकळ्या जागेत बालवाडी चालवायच्या. अक्षरओळख नावापुरतीच. आडव्या ओंडक्यावरून तोल सांभाळत चालायचं, भरल्या पोत्यांवर चढायचं आणि शेवटी पायरीवरून हरभऱ्याच्या भुसकटात उडी मारायची. ताई समोर हात पसरून उभ्या राहायच्या, पण धरायच्या नाहीत. पारावरच्या आबांनी एकदा टोमणा मारला, "बाई, पोरांना पडायला बी शिकवावं लागतंय व्हय?" ताई म्हणाल्या, "नीट पडाय आलं की भ्या जातंय, आबा. तुम्ही इसरलात."

माझा अशोक पावणेदोन वर्षांचा झाला तरी उभा राहत नव्हता. घरात सगळ्यांच्या कडेवरच वाढलेला. ताईंनी त्याला पांगुळगाडा दिला, गाडा पुढं पळू नये म्हणून त्यावर वीट बांधली आणि आम्हाला बजावलं, रडला तरी उचलायचं नाही. तिसरं वर्ष सरेपर्यंत तो भुसकटात उड्या मारू लागला.

एका दुपारी त्याला बालवाडीतून घरी नेताना मला त्याची उडी बघायची हौस आली. वाटेत एका पडक्या भिंतीवर त्याला उभं केलं आणि म्हणालो, मार उडी. खाली भुसकट नव्हतं, दगड होते. पोरानं माझ्या भरवशावर उडी मारली. हात मोडला.

घरी बायकोनं विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, बालवाडीत पडला. ते परत घेता आलं असतं. मी घेतलं नाही. बातमी गावभर झाली, आयांनी पोरं पाठवायची बंद केली. ताई घरी आल्या, अशोकच्या बांधलेल्या हाताकडं बघत एवढंच म्हणाल्या, "जाताना तर हसत होता... मला कसं दिसलं न्हाय?" बालवाडी मोडली, ताई कळंबला गेल्या.

पुढं बऱ्याच वर्षांनी खरं सांगायचं ठरवून मी कळंबला गेलो. त्यांच्या नव्या बालवाडीत ओंडका होता, पोती होती, पांगुळगाडाही होता. भुसकट दिसेना. मी विचारलं.

"तो खेळ बंद केला, गुरुजी. माझं ध्यान न्हाय राहत. तुमच्या लेकराचा हात होतोय ना सरळ आता?"

होतोय, म्हणालो. चहा प्यालो आणि एसटी पकडली.

परवा कळंबला भाच्याला भेटायला गेलो तेव्हा त्याची नात ओट्याच्या पायऱ्यांवर खेळत होती. शेवटच्या पायरीशी आली, खाली बसली आणि घसरत उतरली. भाचा म्हणाला, "आत्यांनी लावलेली सवय. आमच्या घरात कुणी उडी मारत न्हाय."

ताई, अशोक तुमच्याकडं पडला नव्हता. मी पाडला. तुमचं ध्यान होतं.