पाच मार्कांचा विचारवंत

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की कुणीतरी उचलेल, पुन्हा पाच मार्कांना घालेल, आणि कुठल्यातरी तालुक्यातली मास्तरीण ते घोकत बसेल. एवढं पाप पुरे. बाकीच्या थोरांचीही नावं गाळतो. एकाला झाकायचं आणि दुसऱ्याला उघडं ठेवायचं, हे बरं दिसत नाही.

नागपुरात मास्तरांना शिकवायच्या एका संस्थेत मी मास्तर होतो. शाळेत काय शिकवावं, का शिकवावं, यावर जगात कुणीकुणी डोकं खाजवलं, हा माझा विषय. थापा मारणं हा स्वभाव. माझ्या लग्नात मे महिन्याच्या उन्हानं बँडवाल्याचा पितळी कर्णा वितळून त्याच्या कोटावर सांडला, हे मी इतक्यांदा सांगितलंय की बायकोलाही आता तो वास आठवतो. नागपूरबाहेर वाडी नाक्यावर ट्रकांच्या रांगेत असा अडकलो की बसताना काळी असलेली मिशी उतरताना पांढरी झाली होती. लोक हसायचे, चहा पाजायचे.

विचारवंतही मी असेच विकायचो. एकानं सगळा अभ्यासक्रम चार प्रश्नांत बसवला: हेतू काय, अनुभव कोणते, त्यांची मांडणी कशी, आणि साधलं की नाही हे ओळखायचं कसं. मी म्हणायचो, पोरगी पाहायला जातानाही आमच्याकडे चाळीस प्रश्न असतात, हा भला माणूस चारात उरकतो. दुसरा म्हणे, शाळा कारखान्यासारखी मोजूनमापून चालवा. तो बुटीबोरीच्या कारखान्यांत सुपरवायझर म्हणून शोभला असता. तिसरा म्हणे, एकच विषय दरवर्षी पुन्हा यावा, पण एक पायरी वर चढून, गोल जिन्यासारखा. आणि आमच्याच शेजारच्या जिल्ह्यात कुडाच्या घरात बसून, हाताला काम द्या, त्यातूनच शिकवा, असं सांगणारा म्हातारा होता. त्याला आमच्या प्रशिक्षणात चहाच्या आधीची पाच मिनिटं मिळायची. चहा लवकर आला, तर तीही नाही.

आता ती. डी.एड. करताना आम्ही एकाच वर्गात होतो, पुढे ती कुहीकडे धानाच्या पट्ट्यात एका सरकारी शाळेत लागली. मला एकेरीत, हक्कानं "गा" म्हणणारी जगात तेव्हा दोनच माणसं उरली होती, एक माझी आई आणि दुसरी ही. रोवणी, भाताची लावणी, लागली की तिचा अर्धा वर्ग बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात जायचा. सगळ्या शाळा करतात ते तिनंही काही वर्षं केलं: हजेरीपटावर पोरं हजर, पाय चिखलात. मग एका वर्षी ती वर्ग घेऊन पोरांच्या मागे बांधीवर गेली. पहिलीच्या पोरांनी रोपांच्या जुड्या मोजल्या, तिसरीच्यांनी ओळींचा गुणाकार केला, पाचवीच्यांनी बांधीचं क्षेत्रफळ काढलं. सातवीच्या पोरींनी रोवणाऱ्या बायांची गाणी लिहून आणली, आणि बायांना पुरुषांपेक्षा मजुरी कमी काहून, असं सरपंचालाच विचारलं. दरवर्षी तीच बांधी, दरवर्षी एक पायरी वर. गोल जिन्यावाल्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. त्यालाही तिचं नव्हतं. पण त्याचं त्यावाचून काही अडलं नाही.

हे सगळं तिनं एका लांब वहीत लिहिलं आणि माझ्या ओळखीनं, शिक्षकांसाठी पुस्तिका काढणाऱ्या समितीपुढे वाचलं. मी समितीत होतो. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"मॅडम, छान आहे. पण याला सैद्धांतिक आधार काय?"

"आधार? सतरा वर्षांपासून पोरं पाहून राहिली मी."

"तसं नाही. संदर्भ. कुणी म्हटलं आहे हे?"

"मीच म्हणून राहिली ना, सर."

सगळे मान हलवत हसले आणि चहा मागवला. बाहेर पडताना ती मला म्हणाली, "काहून गा, तू काहून नाही बोलला?"

मी म्हणालो, "थांब वं, यांचा इलाज आहे माझ्याजवळ."

इलाज म्हणजे थाप. पुढच्या बैठकीत मी एक विचारवंत जन्माला घातला. उत्तर युरोपातला, दाढीवाला. समुद्रकिनारी कोळ्यांच्या पोरांची शाळा चालवायचा. मासेमारीचा हंगाम आला की पोरं बोटीवर, म्हणून शाळाही बोटीवर. पहिलीची पोरं मासे मोजत, तिसरीची जाळ्याच्या घरांचा गुणाकार करत. तिची वहीच मी ओळीनं वाचली, फक्त धान काढून मासे घातले. समिती थक्क. अध्यक्ष म्हणाले, "वा! जागतिक दर्जाचा विचार! फक्त स्थानिक रूप द्यायला हवं. आपल्याकडे मासे कुठले? कुही भागात धान होतो म्हणतात. मासे काढा, धान घाला."

इथपर्यंत ही माझी सगळ्यात सुंदर थाप होती. तिला सांगितली तर ती पोट धरून हसली. "मेला कोळी! चाल, पोरायचं भलं झालं. पन एक काम कर गा. मागच्या पानावर एक ओळ टाकजो, की हे आमच्या शाळेत झालं. माझं नाव नको टाकू. शाळेचं टाक. पोरायले दाखवीन."

"टाकतो," मी म्हणालो.

ओळ मी लिहिलीही होती. छापायला जायच्या आधी अध्यक्षांनी विचारलं, युरोपातल्या विचारात ही खेड्यातली शाळा कुठून आली? तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण पुस्तिकेवर "संकलन" म्हणून माझं नाव होतं, बढतीची फाईल वरच्या टेबलावर होती, आणि ज्याच्यावर पुस्तिका काढली तो माणूस जगात कधी नव्हताच, हे सांगणं त्या दिवशी जड गेलं. मी म्हणालो, "काढून टाका." बढती झाली. संगणकवाल्यानं कुठूनतरी एका दाढीवाल्याचा फोटोही शोधून छापला. कोण होता बिचारा देव जाणे. चेहऱ्यावरून लाकडाचा व्यापारी वाटत होता.

पुस्तिका तिला पोचली. फोन आला नाही.

मग ती दिसली ती आमच्याच संस्थेत, वेतनश्रेणीसाठी सक्तीचं असतं त्या प्रशिक्षणाला. तिसऱ्या बाकावर बसून तिनं एका तरुण अध्यापकाकडून तिचीच बांधी दोन तास समजून घेतली. शेवटी चाचणी होती. प्रश्न : या विचारवंताच्या हंगामी अभ्यासक्रमाची वैशिष्ट्ये लिहा, पाच मार्क. तिनं पानभर लिहिलं. रोवणीच्या दिवसात पोरं थकून येतात, म्हणून दुपारी लेखन देऊ नये. लहान भावंडांना कडेवर घेऊन येणाऱ्या पोरींसाठी वर्गात पाळणा बांधावा. उत्तरसूचीत हे काहीच नव्हतं, कारण ते मी कधी चोरलंच नव्हतं. तिला पाचापैकी दोन मिळाले. तरुणानं शेरा मारला: मूळ विचारवंत वाचावा.

तो पेपर पाहिला आणि मी सभागृहात उभा राहिलो. म्हणालो, "हा माणूस कधी झालाच नाही. मी बनवला. हा सगळा विचार या बाईंचा आहे, यांच्या शाळेतला."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, कर्णा वितळला तवा हाच वाजवून राहिला होता का?" सगळं सभागृह हसून कोसळलं. टाळ्या. मी हात जोडले, आईची शपथ घेतली, तसे आणखी हसले. तरुण अध्यापक डोळे पुसत म्हणाला, "सर म्हणजे कमालच! पाहा, महिला शिक्षकांचा उत्साह कसा वाढवायचा ते." आयुष्यात एकदा खरं बोललो आणि तीच माझी सर्वांत गाजलेली थाप ठरली.

एकटी ती हसली नाही. दाराशी मी गाठलं तर म्हणाली, "जाऊ द्या, सर. तुमची बस निघून जाईन." "गा" नव्हतं. "तू" नव्हतं.

ती निवृत्त झाली त्या दिवशी बोलावणं नसताना मी तिच्या शाळेत गेलो. वरून आदेश आला होता, की शाळांच्या भिंतींवर थोर विचारवंत रंगवावेत. तिच्या व्हरांड्यात तो होता, दाढीसकट, मोठ्ठा. पेंटरनं मेहनत केली होती. मागे निळा समुद्र, एक बोट. त्याच्या खालीच चौथीच्या पोरी बसून ओल्या जुड्या मोजत होत्या.

मी ओशाळून म्हणालो, "हे तरी पुसून टाकायचं होतं."

"काहून? साहेब येते तं खूश होते. अन् त्याच्यामुळं कोनी माझा बांधीवरचा वर्ग बंद नाही करत."

एका पोरीनं मोजता मोजता मान वर केली, चिखलाचं बोट भिंतीकडे करून विचारलं, "बाई, हे बाबाजी कोन्त्या गावचे वं?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जुडी बांधत म्हणाली, "ह्या सरायच्या गावचे. मोज तू."