वहिनीचं रांगशास्त्र

आमच्या वहिनीबरोबर कुठंही तिकीट काढायला जाऊ नये. दोन रांगा असल्या तर ती मोठ्या रांगेत उभी राहते. चुकून नव्हे, मुद्दाम. छोट्या रांगेत बघायला काय मिळणार, असं तिचं म्हणणं. लग्नानंतर दादा तिला पहिल्यांदा सिनेमाला घेऊन गेला, तेव्हा मध्येच घुसणाऱ्या एका गृहस्थाकडे तिनं इतकं टक लावून पाहिलं, की तो बिचारा ओशाळून पार मागं जाऊन उभा राहिला. मग वहिनी त्याच्याशी बोलायला मागं गेली. यांचा नंबर गेला आणि सिनेमाची सुरुवात बुडाली. दादा ही गोष्ट अजून सांगतो, आणि दर वेळी सिनेमाचा बुडालेला भाग थोडा थोडा वाढत जातो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. वहिनी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर. मी त्यांच्याच खालच्या मजल्यावर राहते, घरी बसून भाषांतरं करते आणि जेवायला वर जाते. आई दोन्ही मजल्यांवर राहते, म्हणजे जिथं वाद चालू असेल तिथं.

वहिनीनं समाजशास्त्रात एम.ए. केलं, पुढं शिकायचं मनात होतं, पण लगेच ही नोकरी लागली आणि मग मुलगा झाला. नोकरी म्हणजे एक काच, काचेला खाली अर्धगोल भोक. त्यातून नाव, वय, पत्ता आणि काय होतंय ते विचारायचं आणि कागद बाहेर सरकवायचा. दुसऱ्या कुणाला यात जीव गेल्यासारखं झालं असतं. वहिनी संध्याकाळी पर्स ठेवायच्या आत सुरू व्हायची.

"अहो, आज एकजण रांगेत आपली चप्पल ठेवून चहाला गेला. आणि लोकांनी ती चप्पल पायानं पुढं सरकवत सरकवत आणली हो! नंबर आला तरी हा नाहीच. मग मागच्या बाईनं चप्पल उचलून माझ्यापुढं धरली."

"मग?" दादा म्हणाला. "वय काय लिहिलंस चपलेचं?"

मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि वहिनीला रात्रीच्या जेवणानंतर वाचायला वेळ मिळू लागला. तेव्हा तिला एका परदेशी विद्यापीठातल्या प्राध्यापक बाईंचा लेख सापडला. विषय होता, सरकारी कचेऱ्यांत लोक ताटकळतात तेव्हा काय करतात. बाईंनी लिहिलं होतं, की रांगेत माणसं अनोळखी माणसाशी सहसा बोलत नाहीत. वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं बाईंना लांबलचक ईमेल लिहिली आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे आणली. 'तुम्ही साफ चुकता आहात' हे तिचं वाक्य काढून मी 'माझा अनुभव जरा वेगळा आहे' असं घातलं. पाठवताना तिनं माझं वाक्य खोडून आपलं परत घातलं.

बाईंचं उत्तर छोटं होतं. 'शक्य आहे. मी आमच्याकडच्या रांगा पाहिल्या, तुमच्याकडच्या नाहीत. तुम्ही इथं येऊन पीएच.डी. का करत नाही? विद्यावेतन मिळतं. अर्ज सुरू आहेत.'

घरात खळबळ उडाली. दादाची खात्री होती, की ही फसवणूक आहे.

"बघ तू, आता बँकेचा नंबर मागतील."

"पीएच.डी. झालं की नावापुढं डॉक्टर लागतं ना?" आईनं विचारलं. "मग इतक्या लांब कशाला? तू दवाखान्यातच तर आहेस, तिथंच हो की."

वहिनी उठली. ताटं उचलून आत गेली आणि भांडी जरा जास्तच घासत बसली. मी आत गेले तर म्हणाली, "हसतील गं सगळे. पन्नाशीला आले मी."

"हसतील," मी म्हटलं. "पण ते तर आत्ताही हसतातच."

तिनं दुसऱ्याच दिवशी अर्ज उघडला.

परदेशी विद्यापीठाचा अर्ज म्हणजे एक दार उघडावं तर आत तीन दारं. आधी इंग्रजीची परीक्षा. परीक्षेच्या हॉलमध्ये वहिनी शिरली तशी चाळीस पोरंपोरी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, पर्यवेक्षक आल्या. वहिनीनंही सवयीनं "बसा, बसा" म्हटलं. मग त्यांच्यातच जागा शोधून बसताना तिला जे वाटलं असेल ते असो, पण परीक्षेत तिनं बाजी मारली.

मग दोन पानी निवेदन. तुम्हाला हा अभ्यास का करायचाय? वहिनीच्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात 'माझा जन्म एका सुशिक्षित कुटुंबात झाला' अशी होती. मी तो फाडला. दुसऱ्यात जगातल्या सगळ्या थोर विचारवंतांची नावं होती आणि रांग शेवटच्या ओळीत. तोही गेला. मग दादा म्हणाला, मी लिहितो, मला गिऱ्हाइकाशी बोलायची सवय आहे. त्याच्या खर्ड्यात वहिनी इतकी उत्तम, टिकाऊ आणि वाजवी वाटत होती, की खाली वॉरंटी लिहायचीच काय ती बाकी होती. शेवटी वहिनीनं सगळ्यांना हाकलून चपलेची गोष्ट लिहिली, आणि त्याखाली लिहिलं, 'ती चप्पल लोकांनी का सरकवली, हे मला अजून कळलेलं नाही. ते कळून घ्यायचं आहे.' त्यात मी फक्त एक स्वल्पविराम घातला.

खरं अडलं ते शिफारसपत्रावर. एक पत्र दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांनी दिलं. "रांगेवर पीएच.डी.? आधी आपली रांग जरा कमी करा," असं म्हणून, पण दिलं. दुसरं तिच्या कॉलेजातल्या सरांकडून हवं होतं. सर निवृत्त, ऐंशीच्या घरातले, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. वहिनीनं फोन केला. सरांना आनंद झाला, लगेच आठवलं, म्हणाले पत्र तयार ठेवतो.

पत्र आणायला मी बरोबर गेले होते. सरांनी ते आम्हाला स्वतः वाचून दाखवलं. इतकं सुंदर पत्र मी पाहिलं नाही. वर्गात पहिला प्रश्न हिचा, वादविवादात ढाल हिची, बॅडमिंटनमध्ये हिच्यासमोर मुलंही टिकत नसत. वाचता वाचता सरांचे डोळे भरून आले. मी वहिनीकडे पाहिलं. ती बॅडमिंटन? घरात देवाचं फूल जमिनीवर पडलं तरी तिला ते पहिल्या झटक्यात उचलता येत नाही.

मी कोपरानं ढोसलं. गप्प बस, चांगलं लिहिलंय, घे आणि चल. पण आमची वहिनी!

"सर," ती म्हणाली, "ती मी नव्हे. ती माझी मैत्रीण."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग तू कुठली?"

"शेवटच्या बाकावरची. खिडकीजवळची."

"तू कधी काही विचारलंस मला?"

"नाही सर."

सरांनी पुन्हा एकदा पत्राकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे गेलं. मग त्यांनी पत्राची घडी करून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मग आज विचार."

वहिनीनं विचारलं. आधी चाचरत, मग सुटलीच. रांगेत पहिला आलेला माणूस खरंच पहिला का असतो? तान्ह्या मुलाची आई पुढं गेली तर कुणी बोलत नाही, पण म्हातारा गेला तर कुरकुर होते, ती का? सर मध्येच अडवत होते, पुस्तकं काढायला लावत होते. मी तीन वेळा चहा केला. दूध संपलं तसा चौथा कोरा केला. निघताना सर म्हणाले, "उद्या ये. हिला पूर्वी शिकवल्याचं मला आठवत नाही, हेच लिहितो. आणि आज काय ऐकलं ते लिहितो."

दारातून बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "धन्य आहेस. हातातलं पत्र घालवलंस."

"अगं, ते तिचं होतं," वहिनी म्हणाली.

मुलाखत व्हिडिओवर, दुपारी चार वाजता. वहिनीनं घर रिकामं करायला सांगितलं होतं. दादाला दुकानात पाठवलं. आई मात्र म्हणाली, मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसते, आणि टेबलाच्या बाजूला स्टुलावर बसली. मी दाराआड. प्राध्यापक बाई पातळ केसांच्या, हसऱ्या. सुरुवात छान झाली. वहिनीनं खिडकीतून पाहिलेले सगळे नमुने रंगवून सांगितले. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही समोरून पाहिलंत. तुम्ही स्वतः या रांगेत उभ्या राहिला आहात का?"



"नाही," वहिनी म्हणाली. "आम्हाला मागच्या दारानं सोडतात."

बाईंनी मान डोलावली, आभार मानले आणि पडदा काळा झाला. आई म्हणाली, "खोटं सांगायचंस की, उभी राहते म्हणून! त्या काय बघायला येणार होत्या?"

दोन दिवस वहिनी घरात कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि आईला म्हणाली, "आई, तुमचा गुडघा दुखतो ना? चला, दाखवून येऊ. रांगेतून."

"तुझ्याच दवाखान्यात?"

"माझ्याच."

आई आनंदानं तयार झाली. तिला गुडघ्याच्या औषधापेक्षा प्रेक्षकच हवे असतात. वहिनीनं तोंडाला मास्क लावला, माझा जुना गॉगल घातला, आणि पहाटेपासून लागलेल्या त्या रांगेत दोघी जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या त्या दुपारी. आई खुशीत होती. तिच्या पाच नव्या मैत्रिणी झाल्या होत्या आणि गुडघ्यावर सात औषधं कळली होती. वहिनी सोफ्यावर बसली आणि पाय वर घेतले.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"त्यांनी माझं नाव ठेवलंय," वहिनी म्हणाली.

"काय?"

ती सांगेना. आईनंच सांगितलं. "दोन-मिनिटं-बाई! ही दर वेळी 'दोन मिनिटं थांबा' म्हणून आत जाते ना, म्हणून. पुढची बाई मागचीला म्हणते, आज दोन-मिनिटं-बाई नाहीत वाटतं, आज लवकर होईल!"

दादा इतका हसला, की त्याला ठसका लागला. वहिनीही हसली, पण जरा उशिरा. मग उठून आत गेली आणि त्या प्राध्यापक बाईंना, कुणी न विचारता, हे सगळं लिहून पाठवलं. बारशासकट. नवीन नाव इंग्रजीत कसं आणायचं यावर मी अर्धा तास घालवला.

आणि मग निकाल आला. निवड नाही, नकारही नाही. वहिनीला प्रतीक्षायादीत ठेवलं होतं.

घरभर हशा पिकला. आईसुद्धा डोळे पुसत होती. एकटी वहिनी संतापली. "यात हसण्यासारखं काय आहे? प्रतीक्षा किती, नंबर कितवा, काहीतरी सांगावं की नाही माणसानं?" सगळी हयात दुसऱ्यांचं थांबणं कौतुकानं पाहिलेल्या या बाईइतकं वाईट थांबणारं माणूस मी पाहिलेलं नाही. भाजी फोडणीला टाकून ईमेल बघायची. आमच्यापैकी कुणाचा फोन वाजला तरी स्वतःचा उचलायची. विद्यापीठाच्या कार्यालयाला तिनं इतक्या वेळा विचारलं, की तिथला कारकून शेवटी तिला नावानं ओळखू लागला. त्यानं दर वेळी अगदी गोड शब्दांत हेच लिहिलं, की कृपया थोडा धीर धरावा.

"उद्धट मेला," वहिनी म्हणायची.

दादा मात्र या दिवसांत हसायचा थांबला. एका संध्याकाळी दुकान बंद करून आला आणि म्हणाला, "तुला नंबर लागला तर जाशील ना?"

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? मी तुझ्याबरोबर मोठ्या रांगेत उभा राहायला शिकलोय. पण कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या ते लिहून ठेव."

ते लिहून पुरं व्हायच्या आत, तिसऱ्या की चौथ्या दिवशी, ईमेल आली. कुणीतरी पुढचं माणूस गळालं होतं. विषय आणि पैसे दोन्ही मंजूर, महिन्यात हजर व्हा. वहिनी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बिचारं. कोण असेल गं ते? का नाही आलं?"

त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. वहिनी तिथं आपल्या निम्म्या वयाच्या मुलांबरोबर एका खोलीत बसून काम करते. सगळे तिला नावानं हाक मारतात हे कळल्यावर आईला धक्का बसला. सासू असून मी कधी मारली नाही, म्हणाली. दादा स्वयंपाक शिकला, म्हणजे आता मी जेवायला वर जाते ती डबा घेऊन जाते. गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. बाईंनी तिचं पहिलं प्रकरण परत पाठवलं होतं. पानापानावर लाल शेरे. अर्धं चुकीचं, अर्ध्याला पुरावा नाही, सगळं नव्यानं लिहा.

"अरे देवा," मी म्हटलं. "मग आता?"

"मग काय? लिहिते," वहिनी म्हणाली. "तीन ठिकाणी त्या साफ चुकल्यात, तेवढं आधी त्यांना कळवते. तुझं इंग्रजी नको मला त्यात."