फळीवरची फल्ली

शकूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात उभी होते, हातात शाई न वाळलेलं पत्रक होतं. फोन नितीनदादाचा, तिच्या मुलाचा. "मम्मी नहीं रही," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. रायपूरच्या कडेला, बीरगांवला आत्याच्या घरी पोचले तोवर दुपार कलली होती. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर एवढं ते घर माणसांनी भरून गेलं होतं. आत्या जेवून जरा आडवी झाली ती उठलीच नाही, असं कळलं. शेजारची एक बाई माझ्या कानाशी म्हणाली, "पांढरी चादर लागंल, बाई. कुठी असंल?" मला माहीत नव्हतं. तेवढ्यात मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, भिंतीला हात लावत उठले. काचबिंदूमुळे त्यांना आता नळीतून पाहिल्यासारखं समोरचं थोडंसंच दिसतं. ते कपाटापाशी गेले, सगळ्यात खालच्या कप्प्यात हात घातला आणि घडी केलेली पांढरी चादर काढून दिली. मग तिच्या शेजारच्या मेणबत्त्या. मग काडीपेटी. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, काही उपसलं नाही. आत्यानं इतकी वर्षं जे घर लावलं होतं, ते त्या दुपारी तिच्याच कामी आलं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, कारखान्यातल्या कामगारांसाठी पत्रकं लिहीत, आणि शहरातल्या चौबे कॉलोनीत आमच्या भाड्याच्या घरात दिवाणाखाली, कपाटावर, शिलाई मशीनच्या पायाशी गठ्ठेच गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. आमच्याकडे मागण्या तेवढ्या लगेच सापडत, बाकी वस्तू सापडत नसत. आत्या आली की उंबऱ्यातच थांबायची आणि म्हणायची, "दादा, तुह्या घरात क्रांती आली तर बसंल कुठी?" बाबा हसायचे. आई हसायची नाही. आई त्या वेळी बहुतेक काहीतरी शोधत असायची.

आत्याचं घर मात्र पहिल्यापासून नीटनेटकं होतं असं नाही. त्याची सुरुवात एका चुकीतून झाली. आजी गेली तेव्हा मी शाळेत होते आणि आम्ही सगळे गोंदियाला जमलो होतो. मामाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे ते आणि कॉलेजातला नितीनदादा इथंच राहिले. तिकडे बुद्धवंदना संपून बाया बसलेल्या, आणि आत्याचा फोन वाजला. दादा विचारत होता, "मम्मी, पापा का ड्रॉप कहाँ रखा है?" आत्या डोळे पुसत म्हणाली, "मधल्या फळीवर पाह्य." थोड्या वेळानं पुन्हा फोन. "नहीं है. पूरा डब्बा खाली कर दिया मैंने." "कोनता डबा?" "फल्ली का. आपने ही तो बोला, फल्ली पर."

आमच्याकडे शेंगदाण्याला फल्ली म्हणतात. आणि रायपुरात हिंदी बोलत वाढलेल्या पोरांच्या जिभेवर ळ बसत नाही, कानातही तो ल होऊनच शिरतो. दादाला मराठी सगळी कळते, उत्तर तो हिंदीत देतो. त्यानं शेंगदाण्याचा डबा ताटात ओतला होता आणि त्यात बोटं घालून तो बापाचं औषध शोधत होता. आत्यानं पदर तोंडावर ओढला. तिचे खांदे हलू लागले तशी बायांना वाटलं, आईच्या आठवणीनं गहिवरली. मी जवळ बसले होते, मला दिसत होतं की ती हसत होती. मग हसता हसता खरंच रडली... आणि तिसऱ्या फोनला तिनं बॅग भरली.

दुसऱ्या कुणी पोराला शब्द नीट ऐकायला शिकवलं असतं. आत्यानं घरी जाऊन औषधाची बाटली मधल्या फळीवर ठेवली, पण एका रिकाम्या फल्लीच्या डब्यात. मी विचारलं, औषध असं कुणी ठेवतं का? ती म्हणाली, "त्याचं ऐकनं चुकलं तर चुकलं. पुढच्या बारीले तो तिथंच पाह्यल न? मंग तिथंच ठेवावं. आपल्याले वाटते तिथं नाई ठेवाव वस्तू. माणूस पह्यले जिथं हात घालते, तिथं ठेवाव."

हा तिचा पहिला नियम, आणि घर आवरण्याबद्दल याहून शहाणं काही मी अजून ऐकलेलं नाही. पुढचे नियम यातूनच आले. रोज लागणारं कमरेपासून खांद्यापर्यंत, कधीमधी लागणारं खाली, वर्षाचं पाहुण्यांचं वर. एका वस्तूच्या मागे दुसरी ठेवायची नाही, "मांगं गेलं ते मेलं." चादरींची जोडी तिच्याच उशीच्या खोळीत घालायची, म्हणजे एक ओढली की सगळं येतं. बीरगांवात कारखान्यांच्या चिमण्यांची काळी धूळ सकाळी पुसली तर संध्याकाळी परत असते, म्हणून उघडं काही नाही, सगळं झाकणाच्या डब्यात. आणि मामाजींची नजर कडेकडेनं विझत चालली तसे डबे बोटांशी बोलू लागले. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन, चहापत्तीच्या झाकणाला गोणपाटाची चिंधी. घरात एकच प्रश्न बंद होता, "कुठी हाय?" कुणी विचारला की ती ऐकू न आल्यासारखी बसून राही.

मला हे सगळं पटायचं नाही. कॉलेजात मी माझं पहिलं पत्रक लिहिलं ते घरकामावर. बाईच्या कामाला सुरुवात आहे, शेवट नाही, पुरुषांनी स्वयंपाकघरात आलंच पाहिजे, वगैरे. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही. ते घेऊन मी आत्याकडे गेले, कारण माझ्या मते डब्यांना रबरं लावत बसणारी ही बाई त्या पत्रकाची पहिली वाचक व्हायला हवी होती. तिनं हात पुसून शेवटपर्यंत वाचलं.

"चांगलं लिवलं. पुरुषानं सैपाक करावा, लिवलं. पन मीठ कुठी हाय, ते कुठी लिवलं?"

"तो शोधेल, आत्या."

"तो शोधत नाई, तो इचारते. अन् इचारलं का काम माह्यावरच आलं. गावाले गेली तरी माह्यावरच." मग एक रबर झाकणावर ताणत म्हणाली, "मी घर लावून नाई राहिली, पोट्टे. मी माही सुट्टी लावून राहिली."

मी गप्प बसणारी नव्हते. म्हटलं, मग घे ना सुट्टी. मामाजी आत पाय टाकतात की तूच उठतेस, त्यांचा हात डब्यापर्यंत पोचायच्या आत तू डबा हातात देतेस, याला काय म्हणायचं? मी तिचा हात धरून तिला बाहेर ओसरीत आणून बसवलं आणि मामाजींना आतून चहा आणायला सांगितलं. आत काहीतरी पडलं. ती अर्धी उठली. मी पदर धरून ठेवला. "काई नाई, झाकन होतं," मामाजी आतूनच म्हणाले. चहा आला तो भलताच गोड. आत्यानं कप रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "एवढ्या साखरेत माह्या दोन दिवाळ्या निंगतात, जी." मामाजी म्हणाले, "दोन रबरं लावले तर मले वाटलं, दोन दोन चमचे टाकाचे."

माझ्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती तिनं मागून घेतल्या आणि मधल्या फळीवर अंथरल्या, छापील बाजू वर. कागद चांगला आहे, शाई सुटत नाही, एवढाच अभिप्राय. बाबांना ते बऱ्याच वर्षांनी कळलं तेव्हा ते म्हणाले, आपलं पत्रक इतकी वर्षं कुणी जपलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती गोंदियाला बहिणीकडे गेली, आठवडाभर राहिली. फोन एकदाही वाजला नाही. परत आल्यावर मी विजयी चेहऱ्यानं विचारलं, काय मग, झाली सुट्टी? ती पिशवीतून पापड काढत होती. "झाली. लय झोपली." मग पापड तसेच हातात धरून म्हणाली, "पन एकही फोन नाई आला, पोरी. जीवाले लागलं थोडंसं..."

त्या घरात बंदी असलेला प्रश्न विचारणारं माणूस एकच होतं, ती स्वतः. जगातल्या सगळ्या वस्तूंना तिनं जागा दिली, स्वतःच्या चष्म्याला दिली नाही. दिवसातून कितीदा तरी तिचा आवाज यायचा, "माहा चष्मा कुठी हाय, जी?" आणि ज्यांना नीट दिसत नव्हतं ते मामाजी खाटेवरून सांगायचे, "डोक्यावर पाह्य."

आत्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि नागपूर-गोंदियाच्या बाया काही दिवस मामाजींजवळ राहिल्या. मायेनं राहिल्या. रिकामे हात बसू देत नव्हते म्हणून त्यांनी घर साफ केलं. त्या गेल्यावर मी पोचले, तर स्वयंपाकघर दुकानासारखं चकचकीत. सारख्या उंचीचे डबे एका रांगेत, त्यांवर सुबक अक्षरात नावांच्या चिठ्ठ्या. मळकी रबरं गेली, चिंध्या गेल्या, माझी पत्रकं जाऊन फळ्यांवर फुलाफुलांचं प्लास्टिक आलं. मामाजी बाहेरच्या खोलीत खाटेच्या कडेला बसले होते, पाहुण्यासारखे. पुढ्यात चहाचा भरलेला कप. मी एक घोट घेतला. त्यात मीठ होतं.

नितीनदादा आधीच आलेला. तो दारापाशी मला हळूच म्हणाला, "देख रही है न? पापा से अकेले नहीं होगा. मैं तेलीबांधा ले जा रहा हूँ." तेलीबांध्याचं त्याचं घर चांगलं आहे, वहिनीही चांगली आहे. पण तिथं भिंती पांढऱ्या, दारं पांढरी, कपाटांना मुठी नाहीत, आणि मामाजी तिथं गेले की नातवाचा हात धरल्याशिवाय बाथरूमपर्यंतही जात नाहीत. इथं बीरगांवात ते एकटे फिरत होते. इथून उठले की ते कायमचे कुणाच्या तरी हाताला धरलेले होणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी विचारलं, "ड्रॉप टाकला का, मामाजी?"

"परवापासून नाई."

"काहून?"

"डबा हाताले लागला नाई."

"मग विचारायचं ना कुणाला."

"या घरात इचारत नाई," ते म्हणाले.

मला इतका राग आला की डोक्यात पत्रक तयार झालं, मथळ्यासकट. पण वाटायचं कुणाला? ज्यांनी केलं त्या गेल्या होत्या, आणि त्यांनी ते डोळे पुसत पुसत केलं होतं. मी ओढणी कमरेला बांधली आणि सगळे डबे खाली उतरवले. प्लास्टिक ओढून काढलं. मग मामाजींना फळ्यांसमोर उभं केलं आणि म्हटलं, "तुम्ही फक्त हात पुढे करा." त्यांचा हात हवेतून गेला आणि एका जागी थांबला. "मीठ," ते म्हणाले. मी मीठ ठेवलं. हात जरा उजवीकडे सरकला. "साखर." मग खाली, कोपर जरा वाकवून, "तांदूळ." कुठं अडखळले की डोळे मिटून घेत... मग हात बरोबर जाई. ती जिथं ठेवत होती तिथं त्यांचा हात अजून जात होता. दादा दारात उभा राहून पाहत होता. मग तो बाहेर गेला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून रबरांची पुडी घेऊन आला.

बाटली सापडली औषधांच्या नव्या खोक्यात, गोळ्यांच्या खाली. आणि फल्लीच्या डब्यात कुणीतरी शहाण्या हातानं काठोकाठ फल्ली भरून ठेवली होती. दादानं ताट घेतलं आणि डबा त्यात ओतला. शेंगदाणे खडखडले तसा तो हसला... आणि मग ताट तसंच धरून उभा राहिला.

"फल्ली पर ही रखना है न, पापा?"

"हव," मामाजी म्हणाले. "फळीवर."

बाटली डब्यात गेली, डबा मधल्या फळीवर. मामाजींनी स्वतःच डोळ्यांत औषध घातलं, थोडं बसले आणि मग चहा ठेवला. आम्ही दोघं ओसरीत बसलो. आत काहीतरी पडलं. दादा अर्धा उठला, मी त्याचा शर्ट धरला. चहा गोडच होता, नेहमीसारखा. कप खाली ठेवून दादा म्हणाला, "ठीक है, पापा. यहीं रहो. मैं हर संडे आऊँगा, और कुछ पूछूँगा नहीं."

परवा मी पुन्हा गेले होते. फळीवर पत्रकं अंथरलीत, या वेळी नवी, मामाजींनी मागून घेतली म्हणून. त्यांची औषधाची वेळ झाली तसे ते आत गेले आणि त्यांचा हात मधल्या फळीवर गेला. पण तो डब्याला लागण्याआधी दुसऱ्याच कशाला तरी लागला, एक क्षण तिथं थांबला. मी वाकून पाहिलं. फल्लीच्या डब्याला टेकून, काड्या नीट मिटलेला, आत्याचा चष्मा.

"उशीखाली सापडला," मामाजी म्हणाले. "त्याले जागा नव्हती न. मी देल्ली."